मोरीतला निळा

इरण्णा एजंट खुर्चीवर बसलाच नाही.
बाजारात म्हशीचे दात बघावेत
तसं उभ्याउभ्या त्यानं घर बघितलं
आणि म्हणाला, "आक्का, वीस हजार घाला,
लाखभर जास्तीचे येतील की.
फरशी-बिरशी फोडू नका, वरवरचंच करा.
गिऱ्हाईक आधी डोळ्यानं घर घेतं."

मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर
मी लिहायला घेतलं.

नळाचा वॉशर, आठ रुपये.
आठ रुपये!
अकरा वर्षं त्या नळाखाली पातेलं ठेवत आले.
पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात
थेंबाथेंबावर कढीपत्ता जगवला,
आणि त्याचं कौतुक शेजारणीला सांगितलं.

बिजागरीला शिवणयंत्राचं तेल. फुकट.
दार आता बोलत नाही.
श्रीहरी रात्री उशिरा आला तर कळणार कसं,
असं उगाच वाटून गेलं.
श्रीहरीला हैदराबादेत सहा वर्षं झाली.

चुना नको, हाताला लागतो, म्हणून डिस्टेंपर,
फिकट बदामी, दोन डबे.
मैनुद्दीन पेंटर भिंतीला पटाशी लावताना म्हणाला,
गच्चीला पांढरा मारून घ्या भाभी,
सोलापूरचं ऊन वरच्यावर परत जाईल.
नऊशे रुपये.
त्या रात्री, भर एप्रिलात,
आम्ही आत झोपलो, पंखा दोनवर.
सकाळी कुणी कुणाशी बोललं नाही.

पिवळे दिवे काढून पांढरे लावले.
खोली मोठी झाली.
त्या उजेडात ह्यांचं वय दिसलं.
जिना बघून गुडघे धरतात ते,
म्हणून तर जुळे सोलापुरात तळमजला बघितलाय,
दोन खोल्या, मागं नळ.

राहिली मोरी.

तिथं ह्यांनी सूत रंगवलं, बावीस वर्षं.
चादरीतला निळा, काठाचा निळा,
यंत्रमागवाले भद्रावती पेठेत विचारत यायचे तो निळा.
शहाबादी फरशीत तो असा उतरलाय
की फरशीच तशी निघाली असं वाटावं.
साठ रुपयांचं ॲसिड, तारेचा ब्रश,
लिंबू, सोडा, परत ॲसिड.
माझ्या हाताची सालं निघाली,
निळा जागचा हलला नाही.
हे दारात खुर्ची टाकून बसलेले.
म्हणाले, "पक्का आहे तो.
धुतल्यावर जाणारा रंग मी कधी दिला नाही."
मी ब्रश आपटला.

इरण्णानं तोड काढली, पायपुसणं टाका.
एकशे दहा. टॉवेलच्या कापडाचं.

रविवारी जोडपं आलं.
तो बार्शीहून बदलून आलेला, बँकेत.
बाई कमी बोलणारी.
नळ सोडून बघितला, बंद करून बघितला,
पाणी कुठल्या वारी येतं ते विचारलं,
बदामी भिंतीकडं बघितलंसुद्धा नाही.
मग मोरीत गेली
आणि अंगठ्यानं पायपुसणं बाजूला सारलं.

इरण्णा खोकला.

ती उकिडवी बसली. फरशीवरनं बोट फिरवलं.
"सूत रंगवायचात?"
हे काही बोलले नाहीत.
"वडिलांच्या नखांत हाच होता.
जोडभावी पेठेत होतो आम्ही.
जेवताना भाताला लागायचा."

ह्यांनी गुडघ्यावरचे हात उचलले,
नखं उलटी करून बघितली.
आता काही नाही तिथं. कधीच गेलं.
मला वाटलं, झालं, घर गेलं,
आता ही रडणार, मी चहा टाकणार.

ती उठली. पदराला बोट पुसलं.
"डागापायी दहा हजार कमी करा, मामा."

त्या पांढऱ्या उजेडात
हे पहिल्यांदाच हसले,
मोठ्यानं, दात नसलेली बाजूही दिसेल असे.
"डाग म्हणू नको, पोरी. पाच."

ती फरशीकडं बघत राहिली.
नवऱ्यानं मोबाइल खिशात घातला.
"पाच," ती म्हणाली.

रात्री कॅलेंडर काढलं.
वॉशर, डिस्टेंपर, गच्ची, दिवे, ॲसिड, पायपुसणं.
खाली जागा होती, लिहिलं:
निळा, पक्का. वजा पाच हजार.
पायपुसणं धुऊन घडी घातलं.
ते आमच्याबरोबर येणार आहे.